चार लाकडी पायऱ्या

"उजवा पाय आधी, काका," म्हणत फिजिओथेरपिस्टने पहिल्या पायरीवर हाताने थाप मारली.

फिजिओथेरपी केंद्रात सरावासाठी केलेल्या चारच लाकडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. बाबांनी कठडा धरला. लकव्यानंतर पायात बरीच ताकद परत आली होती. काठी टेकत ते हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. पण पायऱ्यांसमोर आले की जागीच खिळत. पायऱ्यांच्या सरावाचा हा तिसरा आठवडा होता.

"पायात जोर आहे हो," फिजिओथेरपिस्ट त्यांच्या मुलीकडे वळून म्हणाली. "मनावरच घेत नाहीत. तुम्ही सांगा ना जरा."

 मुलगी बाबांच्या हाताकडे बघत होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

चाळीस वर्षं बाबांनी पोरांना पोहायला शिकवलं होतं. रडणाऱ्या पोराला ते उडी मारायच्या फळीवरून सरळ पाण्यात ढकलून द्यायचे. धाकट्या भावाला ढकललं तेव्हा तो खिदळत वर आला आणि "अजून एकदा, बाबा!" म्हणून काठावर नाचला. तिला ढकललं तेव्हा ती सात वर्षांची होती. तीच फळी, तेवढंच पाणी. त्यानंतर उन्हाळाभर तलावाच्या फाटकापाशीच ती गज धरून उभी राहायची, आणि बाबा चारचौघांत हसून सांगायचे, "ही आमची भित्री भागूबाई."

ती जवळ गेली.

"बाबा, काय होतं नेमकं?"

त्यांचे ओठ एका बाजूला ओढले गेले. शब्द जुळवायला वेळ लागला.

"पाय उचलला की... खालचं सगळं निसटतं." मग तिच्याकडे बघत, "तुला तेव्हा... असंच व्हायचं?"

"हो."

"मला वाटायचं, नाटकं करतेस."

तिने खुर्ची ओढून त्यांच्या मागे ठेवली.

"बसा. नाही चढायचं तर नका चढू."

बाबांनी कठडा सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले. फिजिओथेरपिस्टने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी परगावाहून भावाचा फोन आला.

"अगं ताई, बाबा आहेत ते! पैज लाव, चिडव त्यांना. बघ कसे तरातरा चढतात."

"बघते," ती म्हणाली. पण तिने पैजही लावली नाही आणि चिडवलंही नाही.

बाबांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तिने त्यांना आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं, रस्त्याकडची खोली दिली. रोज सकाळी चहा घेताना ते विचारायचे, "घरी कधी जायचं?" ती म्हणायची, "जाऊ या." पाचव्या महिन्यात लकव्याचा दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी भाऊ-बहीण बाबांच्या घरी आवराआवर करायला गेले. भाऊ दोन-दोन पायऱ्या टाकत वर पोचला. ती मागून, धापा टाकत. आत कोंदट वास होता. भावाने एकेक खिडकी उघडली.

"घरी यायचंय म्हणायचे का गं?"

"रोज."

तो खिडकीतून खाली बघत राहिला.

"मी असतो ना ताई, तर चढवलं असतं त्यांना."

ती भांडेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं असावं. तो अंग आवळून उभा होता.

"हो," ती म्हणाली. "चढलेही असते."

भाऊ वळला. तो बाबांच्या पलंगाच्या कडेवर बसला. तिने कपाट उघडलं, बाबांचे इस्त्रीचे शर्ट एकेक करून खाली काढले आणि त्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायला घेतल्या.