बटणवाल्या बाईंचा ट्रस्टी

मृत्युपत्रं करून देणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, त्यासाठी फार गंभीर चेहरा करून बसावं लागत असेल. खरं सांगते, इतकी करमणूक दुसऱ्या कुठल्याच वकिलीत नाही. घटस्फोटवाले रडतात, जमीनवाले ओरडतात. माझ्याकडे येणारे मात्र गोड बोलतात आणि बोलता बोलता समोरच्याचं घर डोळ्यांनी मोजत असतात.

बटणवाल्या बाई माझ्या जुन्या अशील. चौकातलं बटणांचं दुकान त्यांचं. बटणं, लेस, अस्तर, चेन. आसपासचे सगळे शिंपी तिथेच येतात. बाईंनी लग्न केलं नाही. घरात त्या आणि धाकटा भाऊ राजा. राजानं पन्नाशी ओलांडलीय, पण मनानं तो सात-आठ वर्षांचाच आहे. दुकानात मागे बसून तो रंगांप्रमाणे बटणं लावतो, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"माझ्यामागे याचं काय?" बाईंनी एकदा विचारलं. एरवी माझीच फिरकी घेणाऱ्या बाईंचा आवाज त्या दिवशी खाली आला होता. "सगळं याच्या नावावर केलं, तर पहिला येईल तो गोडगोड बोलून सही घेईल."

"ट्रस्ट करू," मी म्हणाले. "दुकान, घर ट्रस्टकडे. उत्पन्नातून राजाचा खर्च. कारभाराला एक ट्रस्टी. फक्त त्याचा डोळा मालमत्तेवर नको."

"असा माणूस, आणि आमच्या नात्यात?" बाईंनी जरा विचार केला. मग त्यांचे डोळे चमकले. "तो साक्षीदाराचा नियम काय होता हो?"

नियम साधा आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून छदामही मिळत नाही.

"हे आमच्या भाच्याच्या कानावर घाला. सहज, बोलता बोलता. बाकीच्यांना सांगायचं काम तो करेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण गंमत बघायची खोड मला लहानपणापासून आहे.

ठरल्या दिवशी मंडळी माझ्या ऑफिसात जमली. चष्म्याच्या दुकानावरची ही माझी खोली, त्यात जेमतेम पाच खुर्च्या. एकीवर भाचा, एकीवर चुलतभाऊ, आणि अगदी दाराशी वहिनी, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा एका शिवणयंत्रावरून नणंद-भावजयीचं जे बिनसलं ते बिनसलंच. वहिनी दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांची गलेलठ्ठ मांजर रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसते आणि बाई रोज म्हणतात, "बघा, मालकिणीसारखीच आयतं खाऊन माजलीय." राजा खिडकीशी बसून माझ्या टाचण्या वेगळ्या करत होता.

टेबलावर कागद होता, वरचा मजकूर फाइलनं झाकलेला. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. तुम्हाला म्हणून सांगते, ती माझ्या फ्रिजच्या गॅरंटी कार्डाची झेरॉक्स होती.

"आणखी एका साक्षीदाराची सही हवीय," मी म्हणाले.

भाच्यानं लगेच मनगट पुढे केलं. त्यावर पट्टी होती. "काल जिममध्ये लचकलं गं मावशी. पेनसुद्धा धरवत नाही." त्याच हातानं त्यानं चहाचा कप उचलला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर हात बदलला.

चुलतभावानं सगळे खिसे चाचपले. "ताई, चष्मा घरीच राहिला बघ."

"खालीच चष्म्याचं दुकान आहे," मी म्हणाले. "बोलावू त्यांना?"

"नको, नको. माझा नंबर सारखा बदलतो."

बाई मान खाली घालून बसल्या होत्या. खांदे हलत होते. भाच्याला वाटलं रडतेय, त्यानं पाठीवर हात फिरवला. लचकलेलाच.

"आणा इकडे तो कागद," दारातून वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, सही केलीत की काही मिळणार नाही हं."

"ठाऊक आहे, वन्सं. हा मुलगा खास घरी येऊन सांगून गेला. मला तुमचं दुकान नको, घर नको, आणि ते शिवणयंत्र तर मुळीच नको." त्यांनी इतक्या जोरात सही केली की कागद फाटला.

बाईंनी विजयी नजरेनं माझ्याकडे बघितलं आणि त्या वहिनींकडे वळल्या. "मग ऐका. राजासाठी ट्रस्ट करतेय आणि ट्रस्टी तुम्ही व्हायचं. पण आधीच सांगते, त्याला सांभाळणं सोपं नाही. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. मी रोज त्याच्यासाठी बिनमिठाचे मासे उकडते, डबा भरून देते. बागेत बसून खातो बिचारा, डबा कसा चाटूनपुसून आणतो!"

वहिनींनी राजाकडे बघितलं. राजानं टाचण्या ठेवल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. "वहिनी, सांगू नको."

"काय सांगू नको?" बाईंनी विचारलं.

"वन्सं, भाऊजी बागेत जात नाहीत. माझ्याकडे जेवतात. हे गेले तेव्हापासून."

"रोज?"

"रोज. एकटीनं जेवू नको म्हणाले."

"मग डबा?"

"मांजर खाते."

मला हसू आवरेना. पण बाईंचा चेहरा बघितला आणि हसू घशातच राहिलं. सगळ्या नात्याला जाळ्यात ओढणारी बाई, आणि तिच्या नाकाखाली एवढं चाललं होतं. खूप लागलं होतं त्यांना.

"मला का नाही सांगितलंस रे?"

"तू ओरडली असतीस," राजा म्हणाला. "मग वहिनी रडली असती. आणि मांजरीला मासे आवडतात."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग नाक ओढून म्हणाल्या, "मीठ घालता का त्याला?"

"चिमूटभर. डॉक्टरांना विचारून."

खरं मृत्युपत्र पुढच्या आठवड्यात झालं. साक्षीदार खालचे चष्मेवाले आणि त्यांचा कारागीर. ट्रस्टी वहिनी. तोवर भाच्याचं मनगट बरं झालं होतं, पण त्याची गरज पडली नाही.

डबा अजून रोज भरला जातो. फरक एवढाच की दुपारी बाई दुकानाला कुलूप लावतात आणि राजाबरोबर स्वतः तो घेऊन निघतात. "मांजरीसाठी नेतेय," असं सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात.

येतात त्या जेवूनच.