कापडाखालचं माणूस

जनरल फेर्मिन दोन वर्षांचा असताना काढलेला फोटो चित्रकाराने खिडकीच्या उजेडात धरला. त्यावरून मोठं तैलचित्र करून कुएन्का शहराच्या नगरभवनात लावायचं होतं. फोटोत झालरीच्या झग्यातलं गुबगुबीत बाळ, आणि त्याच्या मागे फुलाफुलांच्या कापडाचा एक ढीग.

"हा ढीग तेवढा पुसून टाकतो," चित्रकार म्हणाला.

चॉकलेटचे पेले घेऊन आलेली म्हातारी एउदोसिया दारातच थबकली. तो ढीग म्हणजे तीच होती. बाळ हलू नये म्हणून या दाईने त्याला पोटाशी धरलं होतं, आणि ती फोटोत दिसू नये म्हणून फोटोवाल्याने तिच्यावर कापड टाकलं होतं. तिचा उभ्या जन्मातला तेवढाच फोटो, तोही तोंड झाकलेला. आता तोही जाणार होता.

जनरल मिशीत हसला. "माई, फार वळवळत होतो का गं मी?"

"वळवळ? मेल्या, लाथा खाल्ल्यात तुझ्या! तोंडात गुळाचा खडा कोंबला, तेव्हा कुठे गप्प झालास."

"ऐकलंत?" जनरल चित्रकाराकडे वळला. "पुसा, पण नुसतं कापड पुसा. खालचं माणूस राहू द्या."

"पण साहेब, यांचा तेव्हाचा चेहरा कुठून आणू?"

"आताचाच काढा."

जनरलने स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली. जो दिवाणखाना जन्मभर झाडला, त्यात एउदोसिया पहिल्यांदाच बसली. डोळे भरून वाहू लागले, तरी पुसायला तिने हात उचलला नाही; न जाणो, चित्र बिघडायचं.