माठातला साका

माठ उन्हात पालथा पडलेला दिसला आणि आनंदाबाईंच्या हातून मोहफुलांची टोपली सुटली. त्यांनी माठ सुलटा केला, आत हात घातला. ठणठणीत कोरडा, वर धुण्याच्या सोड्याचा वास.

"हा कोणं धुतला?"

"मी, आई." कामिनी पुढे आली. साकोलीहून सून होऊन आलेल्या तिला दोनच महिने झाले होते. "उद्या पाहुणे वाईनरी पाहाले येऊन राहिले ना. बुडाशी गाळ होता, घासून काढला."

आनंदाबाईंच्या सासूबाईंनी जाताना सोनंनाणं नाही, हा माठ हवाली केला होता. दरसाल वाईन काढली की चार बोटं साका बुडाशी ठेवायचा, त्यावरच पुढल्या हंगामाची फुलं आंबवायची; दुधाला विरजण, तसा मोहाला साका. लेकानं, भुपेंद्रनं, स्टीलच्या टाक्या आणल्या, यीस्टची पाकिटं आणली. पण लोकांना आवडायची ती माठाचीच चव. शेवटी हार मानून त्यानंच बाटलीवर माठाचं चित्र छापलं.

"चाळीस सालाचा साका मोरीत घातला व पोरी!"

ओट्यावर बुचं निवडणारे श्रावण, त्यांचे यजमान, उठले. सासू-सुनेच्या मधे हा माणूस कधी पडत नसे.

"तिले बोलू नोको. त्यात मायचा साका नव्हताच. तीन साल झाले."

"म्हणजे?"

"तू डोळ्याच्या आपरेशनले भंडाऱ्याले गेली, तवा झाकण माह्यानं उघडं राहिलं. अळ्या पडल्या. सारं फेकलं, अन् भुपेंद्रचं पाकीट टाकलं."

टाकीपाशी उभा भुपेंद्र आ वासून बापाकडे बघत राहिला. तीन वर्षं तो आपल्याच यीस्टपुढे हरत होता.

'सासूबाईची चव पाकिटात येते का?' असं आनंदाबाईंनी सगळ्या सिहोरा गावाला ऐकवलं होतं.

"अन् तुमी चाखून 'मायची चव आली' म्हणत होते?"

श्रावण खाली बसून पुन्हा बुचं निवडू लागले.

आनंदाबाईंनी माठ उचलून सावलीत ठेवला.

"भुपेंद्र, पाकीट आण. कामिनी, सांडलेले फुलं येच. साका कसा राखाचा, ते आतापासून शीक."

माठ भरला. आनंदाबाईंनी तोंडाला फडकं बांधलं. मग दरसालच्या सवयीनं सासूबाईंच्या नावानं नमस्काराला हात उचलले, आणि ते अर्ध्यावरच थांबले. शेजारी उभ्या कामिनीला आपण हात जोडायचे की नाही, हे विचारायची हिंमत झाली नाही.