मुंग्या न लागलेली शिंदी

माझ्या पोटात आता तेंदूची पानं भिजत पडलेली असतात. लसुमव्वा विड्या वळते, तिला पानं ओली लागतात. अंगणात येणारा कोणीही मला पाण्याचं भांडं समजेल. पण मित्रांनो, मी लोट्टी आहे. शिंदीच्या झाडाला गळ्याशी दोरी बांधून जे मातीचं मडकं टांगतात, त्याला आमच्या ईदलपल्लीत लोट्टी म्हणतात. माझ्या काठाचा टवका उडालेला आहे, अंगावर भट्टीच्या धुराचा डाग आहे. वय झालं, पण राग निवलेला नाही. तो कशाचा, ते आज सांगते.

माझी माती गावच्या तळ्याची. कुंभारणीनं थापटून मला गोलाई दिली, भाजलं आणि बाजारात मांडलं. तिथं एल्लागौडनं मला उचलून बोटानं वाजवलं, कानाशी धरलं आणि म्हणाला, "ही घेतो. हिचा आवाज स्वच्छ आहे." एल्लागौड शिंदी काढणारा. कमरेला दोर, हातात धारदार सुरी. तो झाडावर चढायचा, शेंड्याजवळ हलकासा काप घ्यायचा आणि मला तिथं बांधून उतरायचा. पहाटेपर्यंत थेंब थेंब रस माझ्यात साठायचा.

ताजा रस गोड असतो. पण माझ्या अंगाच्या बारीक छिद्रांत आदल्या दिवशीचं किण्व शिल्लक असतं. ते रसातली साखर खातं, फेस काढतं, आणि दुपारपर्यंत त्या रसाची आंबूस, चढणारी शिंदी होते. मी दूध वाहत होते असं मी म्हणणार नाही. नशा ती नशाच. शिंदी पिऊन घरी भांडणारे मीही पाहिले आहेत. पण आपण काय पितो आहोत, हे निदान पिणाऱ्याला ठाऊक होतं.

आणि मुंग्यांना ठाऊक होतं. माझ्या काठावर त्यांची रांग लागलेली असायची. द्रोण भरण्याआधी एल्लागौड फुंकर मारून त्यांना बाजूला करायचा. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, "अरे गौडा, मुंगी निघाली की!" तर तो म्हणायचा, "मग नशीब समज. तिनं आधी चाखून पास केलीय."

लसुमव्वा ही त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती शेजारच्याच घरात राहायला आली. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. संध्याकाळी कंबर आखडली की हाक मारायची, "अन्ना, एक द्रोण दे रे. कंबर माझी राहिली नाही." एक द्रोण, मग ज्वारीची भाकरी, मग झोप. बरीच वर्षं हे असंच चाललं.

मग एल्लागौड झाडावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्याच सुमारास तळ्यापलीकडची शिंदीची झाडं तोडून तिथं प्लॉट पाडले. एल्लागौडचा मुलगा अंजागौड झाडावर कधी चढला नव्हता. त्यानं फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. मला झेंडूची माळ घातली आणि पुढच्या फळीवर बसवलं.

झाडं कमी झाली आणि शिंदी वाढली. हे गणित गावात कोणालाच खटकलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुकानामागं निळा पिंप होता. त्यात पाणी, नावापुरती शिंदी, गोडीसाठी सॅकरिन आणि एका पुडीतली पांढरी पूड. दांडक्यानं ढवळलं की फेससुद्धा यायचा. बाकीच्यांना ते बाटलीतून मिळायचं, पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी अंजा ते माझ्यात ओतायचा. लोक विश्वासानं म्हणायचे, "आम्हाला बापाच्या लोट्टीतली दे रे, अंजा!" माझ्या नावावर तो ते पाणी खपवत होता. मला तोंड आहे, पण फक्त ओतण्यापुरतं. नाहीतर तेव्हाच ओरडले असते.

मी माणसं बदलताना पाहिली. पूर्वी शिंदी प्यायलेला माणूस गाणी म्हणायचा, वाद घालायचा. आता माणूस बसल्या जागी विझायचा. जीभ जड, डोळे अर्धे, सकाळचं काही आठवत नाही. एक बाई रडणाऱ्या पोराच्या ओठांना शिंदीत बुडवलेलं बोट लावायची, "झोपेल तरी मेलं," म्हणून. त्या बोटावर काय होतं, हे तिला कोणी सांगितलंच नाही. शिंदीवर आणखी देशी दारू घेऊन झोपलेला एक जण सकाळी उठला नाही. त्याचा श्वास झोपेतच मंदावत गेला होता. गावानं म्हटलं, हृदय कमजोर होतं.

लसुमव्वाला एक द्रोण पुरेनासा झाला. मग ती सकाळीही यायला लागली.

"अत्तम्मा, इतक्या लवकर?" अंजा हसून विचारायचा.

"हात थरथरतोय रे. एक घेतला की विडी नीट वळते."

आत्या होती ती त्याची! तिच्या थरथरत्या हातात द्रोण देताना याचा हात एकदाही थरथरला नाही.

आषाढात आमच्याकडे पोचम्माचे बोनालू असतात. बाया डोक्यावर सजवलेली मडकी घेऊन वाजतगाजत निघतात आणि देवीसमोर शिंदी ओततात. दरवर्षी ती माझ्यातून ओतली जायची आणि घटकाभरात देवीचा दगड मुंग्यांनी काळा व्हायचा. त्या वर्षी शिंदी ओतली, हळद वाहिली, ढोल वाजला, आणि दगड ओलाच राहिला. नैवेद्याच्या वाटीतला गूळ मुंग्यांनी भरला होता. शिंदीकडे एकही वळली नाही. सॅकरिन जिभेला गोड लागतं, पण आमच्या मुंग्यांना त्यात खाण्यासारखं काही वाटत नव्हतं.

काठी टेकून उभ्या असलेल्या एल्लागौडनं ते पाहिलं. "अंजा, मुंग्या का नाही आल्या?"

"त्यांनाही शुगर झाली असेल, बापू," अंजा म्हणाला. बरोबरचे चारजण हसले.

एल्लागौड मात्र हसला नाही. बोललाही नाही. मित्रांनो, माझा सगळ्यात मोठा राग त्या गप्प बसण्यावर आहे. त्याला कळलं होतं. पण घर मुलाच्या दुकानावर चालत होतं, आणि त्यानं मान फिरवली.

काही महिन्यांनी सरकारी जीप आली. पिंप जप्त झाले, बाटल्या फुटल्या, दुकानाला सील लागलं, अंजाला धरून नेलं. नमुने तपासायला गेले. एका शिपायानं मला हलवून पाहिलं. "हे जुनं मडकं शोभेचं दिसतंय," म्हणून मला पायरीवर ठेवून दिलं. माझ्या तळाशी दोन ओंजळी शिंदी तशीच होती. एल्लागौडनं मला घरी नेलं, तोंडावर फडकं बांधलं आणि परसात ठेवलं. तळाला मी जिथं झिरपत होते, तिथं तो रोज वाकून बघायचा. मुंगी नव्हती.

अंजा जामिनावर सुटून आला. गावात सगळे म्हणाले, बरं झालं, पीडा गेली. पण दुकान बंद करून गेलेल्यांनी पिणाऱ्यांचं पुढं काय, हे विचारलंच नाही. आधी लसुमव्वाची झोप उडाली. मग घाम, मग हातांची थरथर. मग भर दुपारी ती अंगणात उभी राहून दोन्ही दंड ओरबाडायला लागली.

"अन्ना, मुंग्या! बघ ना, अंगभर मुंग्या! काढ रे!"

तिच्या अंगावर एकही मुंगी नव्हती. माझ्यावर नव्हती, देवीच्या दगडावर नव्हती, आणि तिला मात्र त्या चावत होत्या. शेजारीण म्हणाली, पोचम्मा अंगात आली, लिंबं आणा. तेवढ्यात लसुमव्वाचे डोळे वर गेले, दात घट्ट आवळले आणि ती आकडी येऊन पडली.

अंजानंच तिला रिक्षात घातलं. एल्लागौड एका हातात काठी आणि काखेत मला घेऊन बसला. इस्पितळाच्या दारात रखवालदारानं अडवलं. "ओ ताता, लोट्टी घेऊन कुठं? इथं पोचम्मा नाही, डॉक्टरीण आहे."

"तिलाच दाखवायचीय," एल्लागौड म्हणाला.

डॉक्टर तबस्सुम यांनी इंजेक्शन देऊन आकडी थांबवली होती. त्या बाहेर आल्या. "बाई रोज काय घ्यायची?"

"शिंदी, मॅडम," अंजा म्हणाला.

"त्यात काय घातलेलं होतं?"

"काही नाही. शुद्ध झाडाची."

"हे बघा, मी पोलीस नाही. झटका आत्ता थांबलाय, परत येऊ शकतो. कोणती पूड, रोज किती, किती वर्षं, हे कळलं तर पुढचा डोस मला नीट ठरवता येईल. दुकानातून जप्त केलेल्या नमुन्यांचा निकाल यायला वेळ लागेल. आणि तुमच्या गावातून ही एकटीच येणार नाही."

"देवाशपथ, शुद्धच होती."

एल्लागौडनं काठी भिंतीला टेकवली. माझ्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि मला दोन्ही हातांनी ओठांपाशी नेलं. मुलाच्या दुकानातला एक थेंब त्यानं आजवर घेतला नव्हता.

"बापू, काय करतोस?"

"शुद्ध आहे ना? मग पितो. बहिणीबरोबर मलाही झोपव तिथं."

"बापू, ठेव ती!"

"नाव सांग."

माझा काठ त्याच्या ओठाला लागला. मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांची तहान भागवली, पण त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. अंजानं झडप घातली, मी भिंतीवर आदळले आणि माझा टवका उडाला. उरलेली शिंदी फरशीवर सांडली.

"अल्प्राझोलाम!" अंजा ओरडला. आणि मग खाली बसून त्यानं सगळं सांगितलं: पूड किती, कधीपासून, हळूहळू कशी वाढवली. "मी नाही घातली तर लोक पुढच्या गावात जायचे, मॅडम. म्हणायचे, तुझ्या शिंदीत दम नाही."

"म्हणून आत्यालाही तो दम पाजलास?" एल्लागौडनं विचारलं.

डॉक्टरांनी तिथंच फोन करून गावात पथक पाठवायला सांगितलं. मग त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. ही झोपेच्या गोळीतली पूड मेंदूला बाहेरून शांत करते. रोज बाहेरून शांतता मिळाली की मेंदू स्वतःला शांत ठेवायला विसरतो. मग पूड अचानक बंद झाली की तो पेटल्यासारखा होतो. म्हणून थरथर, भास, आकडी. यात जीवही जातो. ती बंद करायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून, पायरी पायरीनं.

गावातले आणखी लोक वेळेत इस्पितळात पोचले. अंजानं पोलिसांपुढंही तेच सांगितलं. खटला चालू आहे, आणि चालायलाच हवा. मी त्याला माफ केलेलं नाही. एल्लागौडलाही अर्धंच केलं आहे.

लसुमव्वानं मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि पानं भिजवायला घेतलं. विड्यांबद्दलही मला पुष्कळ बोलायचं आहे, पण एका वेळी एकच भांडण. तिचं औषध हळूहळू कमी होतं आहे. काही सकाळी ती चिडते, काही सकाळी रडते. एल्लागौड रोज गोळी हातात देऊन समोर बसतो आणि आता गप्प बसत नाही.

मुलांनो, मोठ्यांनी रंगीत बाटलीतून, ओळखीच्या भांड्यातून, हसत हसत काही पुढं केलं, तरी यात काय आहे, असं विचारा. उत्तर नाही मिळालं तर पुन्हा विचारा. घरात कोणाचा हात थरथरत असेल तर हसू नका, लपवू नका, आणि एकदम सगळं तोडून टाकू नका. त्यांना डॉक्टरकडे न्या आणि खरं सांगा. मला तर कोणीही काहीही भरलं तरी नाही म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता येतं.

काल लसुमव्वानं चहाबरोबरचा गुळाचा खडा माझ्या तुटक्या काठावर ठेवला आणि विसरून गेली. परत आली तेव्हा तिथं काळी रांग लागली होती. तिचा हात हवेतच थांबला.

"अन्ना," तिनं हळूच हाक मारली, "इकडे ये जरा. या मुंग्या तुलाही दिसतात का रे?"

एल्लागौड लंगडत आला, वाकला, आणि काठावर हलकेच फुंकर मारली. रांग विस्कटली, पुन्हा जुळली.

"दिसतात की," तो म्हणाला. "खऱ्या आहेत."

लसुमव्वा कितीतरी वेळ माझ्याशेजारी बसून त्यांच्याकडे बघत राहिली.