चाळिसातले चौतीस

तुम्ही माझ्या मुलीचं तोंड बंद केलंत.

रागाच्या भरात नाही केलंत. थंड डोक्याने, एसी लावून, छापील कागदावर केलंत, आणि वर म्हणालात, "पंढरीनाथजी, यहाँ साइन कर दीजिए." मी आठवी नापास पेंटर आहे. पण कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. तुमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या किती जणांना ही सवय असते ते तुम्ही बघा.

मी पाट्या रंगवतो. इंदुरात, स्नेहलतागंजात राहतो, काम मिळेल तिथे जातो. मानपूरपर्यंतच्या ढाब्यांच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. फ्लेक्सवाल्यांनी धंद्याचा लचका तोडला, तरी भिंत अजून माणसालाच रंगवावी लागते. हिंदी, मराठी, इंग्रजी ही तिन्ही अक्षरं मी घोडीवर उभं राहून शिकलो. घोडी म्हणजे पेंटरची चार पायांची शिडी. हे मुद्दाम सांगतो, पुढे लागणार आहे.

माझी मुलगी ईशा. सहा वर्षांची, तुमच्या शाळेत पहिलीत. खजरान्याच्या पुढची तुमची शाळा, गेटवर लिहिलेलं आहे की इथे सगळ्या भाषांना घर आहे. त्या वाक्याला भुलून मी तिला तिथे घातलं. आणि मागच्या महिन्यात तुम्ही मलाच काम दिलंत, की समोरच्या लांब भिंतीवर अकरा भाषांत 'स्वागत' रंगवा. शाळेला कसलंसं बहुभाषिक प्रमाणपत्र मिळायचं होतं, ते द्यायला बाहेरचे पाहुणे येणार होते. दहा भाषा रंगवून झाल्या. तमिळ, बंगाली तर मी कागद बघून काढलं, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मराठी शेवटी ठेवली होती. घरची होती, कधीही झाली असती.

त्याच आठवड्यात तुम्ही मला प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये बोलावलंत. माझ्या कपड्यांना रंग होता म्हणून खुर्चीवर आधी वर्तमानपत्र टाकायला लावलंत.

"देखिए, बच्ची का असेसमेंट हुआ है," तुम्ही म्हणालात. "इंग्लिश में फेल, हिंदी में फेल, मराठी में भी फेल. ईशा के पास कोई भाषा ही नहीं है."

"साहेब," मी म्हणालो, "मग दिवसभर ती घरात वाजवते काय? डबडं?"

तुम्ही हसलात. मी नव्हतो हसलो.

मग तुम्ही समजावलंत, की घरात खिचडी बोलता म्हणून असं झालं. आजपासून घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. आणि पुढच्या महिन्यापासून ईशा आधार वर्गात बसेल, मागच्या इमारतीत, नर्सरीच्या पोरांबरोबर. त्यासाठी पालकांची संमती लागते. कागद पुढे सरकवलात. मी म्हणालो, घरी विचारतो. तुम्ही म्हणालात, सोच लीजिए, पण जास्त नका सोचू. हे शेवटचं तुम्ही मराठीत म्हणालात, पाठीवर हात ठेवल्यासारखं.

घरी चारुलताने, माझ्या बायकोने, तुमचं ऐकलं. मी चिडलो, ती रडली. "तुम्हाला काय, तुम्ही बाहेर असता. पोरगी उद्या मला म्हणेल, आई, तुझ्यामुळे मी मागे राहिले." चारुलता नववी शिकलेली. तिची इंग्रजी दुकानांच्या पाट्यांएवढी. त्या दिवसापर्यंत ती आणि ईशा पोह्याची कोथिंबीर निवडत बसायच्या आणि दोघींचं तोंड थांबायचं नाही. कोणाची मांजर व्याली, कोणत्या मॅडमनी कोणाला उठाबशा काढायला लावल्या, देवासची मावशी कधी येऊन राहिली आहे. मराठीत सुरू, हिंदीत वळण, मधे एखादी माळवी शिवी, परत मराठीत.

दुसऱ्या दिवसापासून घरात तीन शब्द राहिले. कम. ईट. स्लीप.

कुत्र्याला बोलावतात तसं. हे मी चारुलतालाही तोंडावर म्हणालो, आणि म्हणायला नको होतं. ईशा यायची, खायची, झोपायची. आठ दिवसांत तिने आम्हाला स्वतःहून एक गोष्ट सांगितली नाही. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट. नवव्या दिवशी तिने बोटही दाखवलं नाही, स्वतः उठून माठावर गेली. तुमच्या कागदावर जे लिहिलं होतं ते खरं व्हायला लागलं होतं. तुमच्या कागदाने रोग ओळखला नव्हता, रोग त्या कागदातून आला होता.

मी शाळेच्या ऑफिसात गेलो. तिथे श्रीहरी बसतो, क्लार्क, जुन्या इंदुरातला आपला मराठी माणूस.

"श्रीहरी, पेपर बघायचे आहेत. कुठे चुकली ते तरी कळू दे."

"भिया, तुम्ही पण ना, कशाला लफडं करून राहिले? साइन मारा, मोकळे व्हा."

"तुझ्या पोराचं असतं तर मारली असती?"

त्याने कपाट उघडून तिन्ही पेपर टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "मी चहाला जाऊन राहिलो. दहा मिनिटं. टेबलावर काय पडलंय, मला काय माहीत."

मी तिन्ही कागदांचे फोटो काढले, बाहेर झेरॉक्स काढली, आणि भिंतीपाशी बांधलेल्या परांचीच्या फळीवर ते शेजारी शेजारी ठेवून वर रंगाचे डबे ठेवले. तुमची रीत मला तेव्हा कळली. चाळीस चित्रं. तीच चाळीस चित्रं तीन खोल्यांत, तीन मॅडमांकडे. प्रत्येक मॅडमने फक्त आपल्या भाषेचा शब्द धरायचा. दुसऱ्या भाषेत आला की फुली, पण शेजारी मुलगी काय म्हणाली ते लिहून ठेवायचं. हे एक काम त्यांनी नीट केलं होतं, त्याबद्दल आभार.

इंग्रजीच्या खोलीत नऊ बरोबर. लिंबाच्या चित्राला ती म्हणाली 'लिंबू'. फुली. छत्रीला 'छाता'. फुली. कुलपाला 'ताला'. फुली. हिंदीच्या खोलीत चौदा बरोबर. तिथे शिडीचं चित्र दाखवलं. तिच्या बापाचं आयुष्य ज्यावर गेलं ती वस्तू. ती म्हणाली 'घोडी'. फुली, आणि शेजारी इंग्रजीत शेरा, की मूल वस्तू आणि जनावर यांत गोंधळ करतं. मी तो शेरा तीनदा वाचला. घोडीवरच बसून वाचला.

मराठीच्या खोलीत सहा बरोबर. बाराव्या चित्रापर्यंत शब्द, तेराव्यापासून खालपर्यंत नुसत्या आडव्या रेघा. उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही.

मी चौथा कागद घेतला. एक ते चाळीस आकडे घातले. ज्या चित्राचं नाव तिने कुठल्याही खोलीत, कुठल्याही भाषेत बरोबर सांगितलं होतं, त्यापुढे तिचा शब्द आणि एक टिक. एकदाच. मोजल्या. चौतीस.

चाळिसातले चौतीस, साहेब. उरलेली सहा म्हणजे इग्लू, बर्फाचा माणूस, शिडाची बोट, असली. इंदूरच्या पोरीने बर्फाचा माणूस कुठे बघायचा, फ्रीजात?

तीन मॅडम, एक साहेब, एवढं शिक्षण, आणि तिन्ही कागद कोणी शेजारी ठेवले नाहीत. शेजारी ठेवायला आठवी नापास माणूस लागला.

मराठीची तपासणी स्पृहा मॅडमनी केली होती. त्या पुण्याहून दीड वर्षापूर्वी आल्या, नवरा इथे कंपनीत आहे. मी त्यांना भिंतीपाशी गाठलं.

"तेराव्या चित्राला काय झालं, मॅडम?"

"दादा, मी तिला ओरडले वगैरे नाही हं." आधी हेच. "बारावं चित्र मक्याच्या कणसाचं होतं. ती म्हणाली भुट्टा. मी म्हटलं, बाळा, मराठीत असं नाही म्हणत. त्याआधीही तीनचारदा सांगावं लागलं होतं. मग तिने तोंडच मिटलं."

"मग तुम्ही?"

"मी वाट बघितली. दादा, राग मानू नका, पण तुम्ही लोक इथे जे बोलता ना, ते मराठी नाहीये."

"शंभर वर्षं बोलून राहिलोय आम्ही. माझे आजोबा मिलमध्ये लागले तेव्हापासून. तेव्हा तुम्ही तपासायला नव्हता, म्हणून बोलता तरी आलं."

त्यांचा चेहरा पडला. मी चौथा कागद पुढे धरला. त्या बाई वाईट नाहीत. त्यांनी बोट लावून शेवटपर्यंत वाचलं, आणि हळूच म्हणाल्या, "चौतीस म्हणजे वयाच्या मानाने चांगलेच आहेत हो."

"हे लिहून द्याल?"

"मला सरांना विचारावं लागेल."

तुम्हाला. सगळे रस्ते तुमच्या केबिनला येतात.

रविवारी शाळेला सुट्टी. पाहुणे सोमवारी येणार होते, भिंतीवर मराठीची चौकट कोरी होती. मी ईशाला बरोबर घेऊन गेलो. चारुलताने तिचे केस विंचरले, डबा दिला. कोणत्या भाषेत बोलावं हेच तिला सुचत नव्हतं.

ईशा परांचीखाली रंगाच्या बादलीवर बसली. मी दोरीला खडू लावून भिंतीवर रेघा मारल्या. 'स्वागत' लिहायचं नव्हतं. कोणाचं करायचं स्वागत? मी खिशातून चौथा कागद काढला आणि तिचे शब्द लिहायला घेतले, तिने म्हटले तसे. लिंबू. छाता. बस. ताला. घोडी. मॅडमांनी ज्या लिपीत टिपले होते त्या लिपीत, एकाखाली एक. ती बघत होती. अक्षरं तिला येतात, हे तुमच्या कागदावर कुठे नव्हतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मग मक्याचा नंबर आला. आणि आता खरं सांगतो, कारण तुमच्यावर एवढं लिहायचं तर स्वतःवरही लिहायला हवं. माझा हात थांबला. पाहुण्यांत कोणी मराठी असलं तर? हसतील. स्पृहा मॅडम बघतील. मी ब्रश बुडवला आणि लिहायला लागलो, 'मक्याचं क'. मी, जो सगळ्या इंदूरशी भांडायला निघालो होतो.

"बाबा."

मी वळलो. दहा दिवसांनी पहिला शब्द.

"ते भुट्टा आहे ना?"

"भुट्टाच आहे."

"मग तुम्ही असं काय लिहून राहिले?" आणि बादलीवरून उठून, कमरेवर हात ठेवून, अगदी चारुलतासारखी, "मिटवा ते. पटकन. गीला आहे तोवर."

मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ते पुसलं. भुट्टा लिहिला. एवढा मोठा लिहिला की गेटवरून दिसावा. मग ती थांबेना. पुढचा शब्द मी लिहायच्या आधी ती सांगायची, आणि मधे मधे चौकशा, हा हिरवा का, तो लाल का, आईला आणू या का बघायला, आई पण भुट्टाच म्हणते. परत जाताना स्कूटरवर पाठीमागे अखंड टकळी. घरी पोचल्यावर चारुलताने दार उघडलं आणि म्हणाली, "कम."

ईशा म्हणाली, "आई, नीट बोल ना गं."

चारुलता दारातच खाली बसली. पुढचं मी तुम्हाला सांगणार नाही, ते आमच्या घरातलं आहे.

सोमवारी सकाळी श्रीहरीचा फोन आला. "भिया, साहेबांनी सहा वाजताच माणूस लावून चुना फिरवला. तुमची चौकट पूर्ण पांढरी. वर 'वेलकम'चं स्टिकर चिकटवून राहिलेत. आणि तुम्हाला निरोप आहे. शुक्रवारपर्यंत साइन, नाही तर पोरीचा दाखला घेऊन जा."

प्रमाणपत्र तुम्हाला मिळालं, ऐकलं. अभिनंदन. चुन्यावर उभं आहे, पावसाळ्यापर्यंत सांभाळा. इनॅमलवर चुना टिकत नाही, पहिल्या पाण्यात भुट्टा परत दिसेल. एवढं मला माझ्या धंद्यातलं कळतं.

संमतीचा कागद माझ्याजवळ आहे. सही केलेली नाही, करणार नाही. दाखलाही नेणार नाही. ईशा पहिलीत बसेल, तिच्या बाकावर. या पत्राला मी तिन्ही कागदांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, चौथा माझ्या हातचा आहे. हेच पत्र स्पृहा मॅडमना आणि पहिलीतल्या बाकी एकतीस मुलांच्या आईबापांनाही देतो आहे, कारण त्या तीन खोल्यांत एकटी ईशा गेली नव्हती. आणखी किती जण मुके ठरले ते त्यांनाही मोजू दे.

तुम्ही माझी सही मागितलीत. आता मी तुमची मागतो. चारही कागद समोर ठेवा, एकेका चित्रावर बोट ठेवून मोजा, आणि शुक्रवारच्या आत लेखी कळवा. हिंदीत लिहा, मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, तिन्ही मिसळून लिहा, मी फुली मारणार नाही.

माझ्या मुलीला चाळीस चित्रांपैकी किती ओळखता आली?