अहो, झालं का?

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि गप्प बसणं मला कधी जमलेलंच नाही. त्यामुळे सांगता सांगता मी मध्येच घाई केली तर सांभाळून घ्या. माझं अंग लाल प्लास्टिकचं, तोंड पत्र्याचं, कडेला एक पोचा आहे. पाठीवर तीन बटणं आहेत. हिरवं दाबलं की माझ्या पोटातला आवाज सुरू होतो. काळं दाबलं की थांबतो. लाल दाबलं की आधीचा आवाज पुसला जातो आणि समोर जे बोललं जाईल ते वीस सेकंद साठवलं जातं. वीसच, त्याहून जास्त माझ्या पोटात मावत नाही. हे लाल बटण तेवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म काही सांगण्यासारखा नाही. कारखान्यात एका बाईने शेकडो भोंग्यांच्या तोंडात ओळीने "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि आम्हाला खोक्यात कोंबलं. त्या खोक्यातले महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शेवटी सुटका झाली ती थेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर. सगळी वस्ती त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू, म्हणून मीही तसंच म्हणतो.

काका मुलखाचे अबोल. गल्लीत हाळी द्यायची म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची. म्हणून हाळीचं काम काकूंनी अंगावर घेतलं. त्यांनी मला ओट्यावर ठेवलं, लाल बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "रद्दी, पत्रा, बाटली, मोडकी खुर्ची, बंद पंखा! माळ्यावर पडून असेल ते आणा! गाडी दारात आलीय, चला, चला!" मग काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, झालं का?" वीस सेकंद अजून संपले नव्हते. ते तीन शब्दही माझ्या पोटात गेले.

"पुन्हा करू या," काका म्हणाले.

"राहू द्या हो. शेवटपर्यंत कोण ऐकतंय!"

सगळ्यांनी ऐकलं. नऊ वर्षं रोज ऐकलं. मुलं गाडीमागून "अहो, झालं का?" ओरडत पळायची. पिठाच्या गिरणीवाला पांढऱ्या भुवया उडवत तेच विचारायचा. काका मात्र दर वेळी, गाडी ढकलता ढकलता, पुटपुटायचे, "झालं, झालं." बायको जणू गाडीवरच बसलेली आहे! मला त्यांची गंमत वाटायची.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा. काकूंच्या हातात पाटी आली आणि त्या इतक्या तावातावाने लिहायला लागल्या की दिवसाला एक खडू मोडायचा. काकांनी त्याच आठवड्यात माझ्या लाल बटणावर चिकटपट्टी लावली. एकावर एक, तीन पदर. काकूंचा आवाज आता जगात फक्त माझ्यापाशी होता, आणि खरं सांगतो, मला त्याची धास्तीच वाटायची. कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई म्हणाल्याही, "काका, हा आवाज आणखी कुठेतरी उतरवून घ्या. माझी भाची देईल करून." पण माझ्या बटणांना कुणी हात लावायचा म्हटलं की काकांचं काळीज हलायचं. "उद्या बघू," ते म्हणायचे. दोन वर्षं उद्याच बघत राहिले.

मग देशाचं बिनसलं. निवडणूक एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि तिसऱ्यांदा पुढे ढकलताना नवी तारीखच दिली नाही. सभागृहातली अधिवेशनं बंद पडली, आत नुसते अधिकारी उरले. रेडिओवर रोज एकच वाक्य, योग्य वेळी कळवण्यात येईल. वस्तीत कुणाचं कशात लक्ष लागेना. गिरणीवाला पीठ सांडायचा, शिलाईवाली ताई उलटी बाही जोडायची आणि उसवत बसायची. ग्रंथपालबाईंनी वाचनालयाबाहेर टेबल मांडून सह्या घ्यायला सुरुवात केली. मागणी एका ओळीची होती. निवडणुकीची तारीख सांगा. दुसऱ्याच दिवशी टेबल जप्त झालं, आणि सही करणाऱ्या सातजणांना चौकीवर बोलावणं आलं. जमाव करायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, भोंग्यावरून काही पुकारायचं नाही असा हुकूम निघाला. फेरीवाल्यांची हाळी तेवढी चालेल म्हणे.

त्या संध्याकाळी काकूंनी पाटीवर एकच शब्द लिहिला, "गाडी."

"आपण कशाला त्या भानगडीत पडायचं?" काका म्हणाले. "सापडलो तर गाडी जाईल."

काकूंनी खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने लिहिलं, "माझी हाक चालू झाली की लोक रद्दी घेऊन येतातच." आणि कोरा कागद ओढून त्यावर पहिली सही स्वतःच ठोकली. काकांनी मोडलेल्या खडूचा तुकडा उचलून ठेवला. मग तिच्याखाली आपली केली.

असे आम्ही निघालो. सह्यांचे कागद रद्दीच्या तिसऱ्या गठ्ठ्यात. काकूंचा आवाज ऐकला की माणसं खाली यायची, तराजूआड वाकायची, सही करून जायची. डॉक्टर एकच वर्तमानपत्र घडी घालून घेऊन आले. एका साहेबांनी घाईत चालू पंखाच उचलून आणला. आठवड्याभरात वस्तीतली रद्दी संपली आणि लोक एकमेकांकडे रद्दी उसनी मागू लागले. मी दिवसभर ओरडत होतो आणि आतून नुसता धडधडत होतो.

नवव्या दिवशी भर दुपारी पोलिसाने गाडी अडवली. घामाघूम झालेला, वैतागलेला माणूस. "एकेका पेपरासाठी रांग लागते का हो काका?" त्याने मला उचललं. "यात काही निरोप भरलाय का?" त्याने हिरवं बटण दाबलं. काकूंची हाळी सुरू झाली. "अहो, झालं का?" ऐकून तो जरासा हसलाही. मग त्याचं बोट चिकटपट्टीवर आलं.

"हे का झाकून ठेवलंय?"

काकांचा हात वर आला. अर्ध्यावर थांबला. 'नको' म्हटलं असतं तर एवढं काय आहे म्हणून पोलिसाने गाडी उचकटली असती. तिसऱ्या गठ्ठ्यात सोळाशे सह्या होत्या. नर्सबाईंची होती, बसचालकाची होती, ज्यांची नोकरी एका सहीने जाईल अशा कितीतरी जणांची होती. काकूंची होती.

काकांनी हात खाली घेतला. "काही नाही साहेब," ते म्हणाले. "दाबून बघा."

मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो, मित्रांनो. पण मला स्वतःचा आवाज नाही. पट्टी निघाली, बटण दाबलं गेलं, आणि काकूंचा आवाज माझ्या पोटातून निघून गेला. पोलीस वाट पाहत उभा राहिला. "चालत नाही वाटतं हे," तो म्हणाला, खोकला, आणि मला गाडीवर टाकून निघून गेला. काकांनी गाडी वाचनालयामागे नेली, गठ्ठा ग्रंथपालबाईंच्या हातात दिला आणि घरी आले.

घरी काकूंनी नेहमीसारखं हिरवं बटण दाबलं. "चालत नाही वाटतं हे," मी पोलिसाच्या आवाजात म्हणालो आणि खोकलो. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. रडत रडतच त्यांनी सगळं सांगितलं.

काकूंनी लिहिलं, "सह्या?"

"पोचल्या. सगळ्या."

काकूंनी पाटी पुसली. खडू खाली ठेवला. मग त्याही रडल्या. त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता, म्हणून मला ते बघवेना. रडून झाल्यावर त्यांनी लिहिलं, "उद्या गाडी काढायची."

दुसऱ्या दिवशी आमची गाडी मुकी निघाली. शिलाईवाल्या ताईचं मशीन थांबलं आणि ती खिडकीत आली. "काका, काकूंचा आवाज कुठंय?"

"पुसला गेला," काका म्हणाले.

ताईने खिडकी सताड उघडली. मग तिने खिडकीच्या कडेला हात टेकले आणि सबंध हाळी घातली, रद्दीपासून "अहो, झालं का?" पर्यंत, एक शब्द न चुकता. पुढच्या गल्लीत गिरणीवाल्याने घातली. त्याच्या पुढे शाळेच्या फाटकापाशी पन्नास पोरांनी घातली. आमची गाडी दिवसभर कुठेच मुकी गेली नाही.

महिनाअखेर साऱ्या शहराच्या सह्या घेऊन माणसं सभागृहाकडे निघाली. काका-काकूही गेले आणि काकूंनी मला बरोबर घेतलं. फाटक बंद होतं. साहेब बैठकीत आहेत, थांबा, असं आतून उत्तर आलं. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. एवढ्या माणसांपुढे जमावबंदी कागदावरच राहिली होती, पण घोषणा दिली की धरपकड होणार होती. हजारो माणसं नुसती या पायावरून त्या पायावर होत होती. तेवढ्यात आमची शिलाईवाली ताई त्या बंद फाटकाकडे तोंड करून ओरडली, "अहो, झालं का?"

आधी हशा पिकला. मग आमची वस्ती ओरडली. मग ज्यांनी आमची गाडी कधी पाहिलेली नव्हती तेही ओरडायला लागले, आणि ही घोषणा आहे की चौकशी हे पोलिसांना ठरवता येईना. काकूंनी मला तोंडाजवळ धरलं, लाल बटण दाबलं, ओठ हलवले आणि मग हात उंच केला. थोड्या वेळाने फाटक वीतभर उघडलं. एका कारकुनाने गठ्ठे आत घेतले आणि शिक्का मारलेली पोच दिली.

तारीख अजून जाहीर झालेली नाही. आम्ही रोज फिरतो आणि मी रोज विचारतो, आता हजारोंच्या आवाजात. मला काही राहवत नाही.

मित्रांनो, मी एक साधा भोंगा, तुम्हाला काय शिकवणार! पण घरात कुणाचा आवाज जपायचा असेल तर आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आणि अनोळखी लाल बटण दिसलं तर आधी विचारा.

एक गोष्ट मात्र फक्त काकूंना, काकांना आणि मला माहीत आहे. त्या वीस सेकंदांत, सगळ्या गर्दीच्या आधी, अगदी माझ्या तोंडाशी, श्वासाचे तीन झोत ऐकू येतात. गल्लीच्या गोंगाटात ते कुणाला कळत नाहीत. संध्याकाळी गाडी लावली की काका माझ्या तोंडाला कान लावतात आणि हिरवं बटण दाबतात. तीन झोत येऊन जातात. काका हळूच म्हणतात, "अजून नाही गं."