एनिड आजींचा बुध

डार्सी, माझा धाकटा भाऊ, तेव्हा जिवंत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला हसू येणार नाही.

आमच्या गावच्या रेडिओवर संध्याकाळी पॉमरॉय सर लोकांच्या आकाशाबद्दलच्या शंकांना उत्तरं देतात. फोन मी उचलते. शाळेत सरांनी आम्हा दोघांनाही शिकवलंय. माणूस हुशार, पण ऐकून घेण्याच्या बाबतीत कच्चा. कुणी उडती तबकडी म्हटलं की वाक्य पुरं व्हायच्या आत सांगणार, शुक्र आहे तो.

त्या आठवड्यात शुक्र आणि गुरू पश्चिमेला जवळ आले होते. फोन थांबत नव्हते. गावापासून लांब, टेकाडावर एकट्या राहणाऱ्या एनिड आजींचाही आला.

"ब्रॉन, बाळा, सरांना दे. आणि म्हणावं, आधी ऐकून घ्या."

"बोला आजी," सर म्हणाले.

"तुमचे ते दोघं दिसले. पण त्यांच्या खाली, जमिनीला टेकून, एक लाल आहे."

सरांचा चेहरा उजळला. "आजी, बुध पाहिलात तुम्ही. जन्म जातो, तरी लोकांना दिसत नाही तो."

"लाल कसा पण?"

"धुळीमुळे."

"लुकलुकतो फार. आणि सर, तो..."

"खाली असलं की सगळेच लुकलुकतात. अभिनंदन. ब्रॉन, पुढचा फोन घे."

डार्सी गुरांच्या लांबलांबच्या कुरणांवर पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. एकदा गेला की आठवडाभर पत्ता नसायचा, म्हणून त्याची बायको टेस निर्धास्त होती. ठरल्या रविवारी तो आला नाही, तेव्हा त्याला शोधायला विमानं उत्तरेला गेली, कारण तो उत्तरेच्या रस्त्याने येणार होता. इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं, गाडी बिघडली तर ती सोडायची नाही आणि अंधारून आलं की एक टायर पेटवायचा. वैमानिक उत्तरेला जाळ शोधत राहिले.

घरी बसून मला वेड लागायची पाळी आली होती. म्हणून कामावर गेले, तर एनिड आजींचा फोन.

"सर, तुमचा बुध गेला हो. परवापासून नाही."

"सूर्याजवळ सरकला, आजी. आता लवकर मावळतो."

"तो कुठला मावळायला? तुमचे दोघं बुडायचे, मी जेवायचे, भांडी घासायचे, तरी हा जागचा हलायचा नाही. तेच सांगत होते मी, तर तुम्ही फोन तोडलात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलेच होते.

डार्सी सापडला, तो आजींच्या टेकाडाच्या पश्चिमेला, वाळूच्या पट्ट्यापलीकडे. आडवाट धरली होती त्याने. गाडीचा आस मोडलेला, त्याचा पाय दुखावलेला. गाडीची चारही चाकं नुसती लोखंडाची राहिली होती. स्टेपनी जळाली होती, सीटंही जळाली होती. पेटवायला काहीच उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी पोचलो असतो तर.

सर माझ्या दारात आले. म्हणाले, "ब्रॉन, मला बोल काहीतरी."

मी बोलले. तोंडाला येईल ते बोलले, आणि अजून त्यातला एक शब्द मागे घेतलेला नाही. मग चहा टाकला.

पुढच्या कार्यक्रमाला पहिला फोन एनिड आजींचाच होता.

"सर, मला कळलं सगळं. एकच विचारते. मला तो तारा वाटायचा, म्हणून रोज त्याच्यासमोर व्हरांड्यात बसायचे. दिवा लावून. एवढ्या लांबून माझा दिवा डार्सीला दिसत असेल का?"

सर मध्ये बोलले नाहीत. मला वाटलं, नाही म्हणतील. मला वाटलं, निदान आज तरी खोटं बोलतील.

"हो आजी," ते म्हणाले. "दिसत असणार."

म्हणजे कुणीतरी आपला जाळ पाहतंय या भरवशावर माझा भाऊ रोज त्या दिव्याकडे बघत टायर पेटवत होता.